आकड्यांची केंद्रं ऐकायची असतील तर

शॉर्टवेव्हवर एका इंग्रजी लोकगीताच्या सुरावटीचा लहानसा तुकडा पुन्हापुन्हा वाजायचा. तो थांबला की एका बाईचा यंत्रवत आवाज पाच आकडे सांगायचा, पाचवा आकडा किंचित वरच्या सुरात. मग टोल पडायचे आणि त्यानंतर पाच-पाच आकड्यांचे दोनशे गट, प्रत्येक गट दोनदा. पाऊण तासात सगळं आटोपायचं. निवेदन नाही, केंद्राचं नाव नाही, निरोप घेणं नाही. ‘लिंकनशायर पोचर’ या त्या गीताचंच नाव श्रोत्यांनी केंद्राला दिलं. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून २००८पर्यंत ते चालू होतं. हौशी श्रोत्यांनी दिशा शोधत शोधत त्याचा माग सायप्रस बेटावरच्या अक्रोतिरी इथल्या ब्रिटिश हवाई तळापर्यंत काढला. ते ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याचं होतं असं जाणकार मानतात. ब्रिटिश सरकारने ते कधी मान्य केलं नाही.

अशा केंद्रांना जगभर ‘नंबर्स स्टेशन’ म्हणतात. शीतयुद्ध संपलं तशी त्यांची संख्या घटली, पण ती बंद पडली नाहीत. आजही रोज, ठरल्या वेळी, ठरल्या फ्रीक्वेन्सीवर कुणीतरी कुणासाठी तरी आकडे वाचतं आणि साधा रेडिओ असलेला कुणीही ते ऐकू शकतो. हा लेख अशा ऐकणाऱ्यांसाठी आहे. यूट्यूबवरच्या भीतिदायक चित्रफिती पाहून या विषयाकडे वळलेले तरुण मला बरेच भेटतात. त्यांची उत्सुकता खरी असते, पण ‘हा कोड कसा फोडायचा?’ हा त्यांचा पहिलाच प्रश्न चुकीच्या दाराशी नेतो. कोड फुटणार नाही. तुमच्याकडून नाही, माझ्याकडून नाही आणि ज्या देशाविरुद्ध तो वापरला जातोय त्या देशाच्या महासंगणकाकडूनही नाही. ही गोष्ट आधी नीट समजली, तर पुढचं ऐकणं अर्थपूर्ण होतं. म्हणून रेडिओच्या आधी, हा कोड ज्या वहीवर उभा असतो तिच्याबद्दल.

या वहीला ‘वन-टाइम पॅड’ म्हणतात. तिच्या पानापानावर कोणताही क्रम नसलेले आकडे असतात. तिच्या दोनच प्रती काढतात. एक मुख्यालयात राहते, दुसरी परदेशातल्या हेराकडे. समजा, मजकुराचं ठरलेल्या तक्त्याप्रमाणे आकड्यांत रूपांतर केलं आणि पहिला गट आला २७४१५. वहीतला पहिला गट आहे ६८०९३. आता हातचा न धरता बेरीज करायची. दोन आणि सहा आठ; सात आणि आठ पंधरा, त्यातले पाच घ्यायचे, एक सोडून द्यायचा; चार आणि शून्य चार; एक आणि नऊ दहा, म्हणून शून्य; पाच आणि तीन आठ. हवेतून जाणारा गट झाला ८५४०८. हेर तो ऐकून लिहून घेतो आणि त्यातून वहीतला गट तशाच पद्धतीने वजा करतो. जिथे आकडा कमी पडेल तिथे दहा मिळवतो. त्याला २७४१५ परत मिळतात. मग दोन्ही ठिकाणी ते पान नष्ट करतात. कागद-पेन्सिल घेऊन हे उदाहरण एकदा स्वतः करून पाहा.

आता तुम्ही ८५४०८ ऐकलंय आणि वही तुमच्याकडे नाही. तुम्ही कल्पनेने ५१२७६ ही किल्ली लावली तर उत्तर येतं ३४२३२. दुसरी किल्ली लावा, दुसरं उत्तर. पाच आकड्यांच्या गटातून शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून नऊ-नऊ-नऊ-नऊ-नऊपर्यंत कोणतंही उत्तर काढता येतं आणि त्यातलं खरं कोणतं हे सांगणारी एकही खूण त्या गटात नसते. संगणक कितीही वेगवान असला तरी तो फक्त सगळी शक्य उत्तरं तुमच्यापुढे मांडेल आणि ती सगळी सारखीच संभाव्य असतील. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४९मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने सिद्ध केलं. अट एवढीच की आकडे खरोखर यादृच्छिक हवेत, वही गुप्त राहायला हवी आणि एक पान दुसऱ्यांदा कधीही वापरायचं नाही.

ही शेवटची अट मोडली की काय होतं, याचं उदाहरण सोव्हिएत रशियाने घालून दिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या धावपळीत, १९४२च्या सुमारास, वह्या तयार करणाऱ्यांनी काही पानं दोनदा छापली आणि ती वेगवेगळ्या वह्यांत गेली. अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ प्रकल्पातल्या माणसांना हे दुहेरी वापर सापडले आणि १९४३ ते १९८० अशा दीर्घ काळात त्यांनी काही हजार तारांचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी उलगडला. म्हणजे हरलं ते गणित नव्हे, छापखान्यातली शिस्त.

मग प्रश्न पडतो, इंटरनेटच्या काळात रेडिओच का? उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे. जो प्रक्षेपण करतो तो सापडू शकतो. जो नुसता ऐकतो त्याचा माग राहत नाही. मुंबईने ही गोष्ट १९४२मध्ये पाहिली आहे. ‘चले जाव’च्या दिवसांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र चालवत होते. पोलीस प्रक्षेपणाच्या मागावर असल्यामुळे त्यांना ट्रान्समीटर घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जावं लागे. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ते केंद्र नोव्हेंबरमध्ये छाप्यात पकडलं गेलं. ते प्रक्षेपण घरोघरी ऐकणाऱ्या हजारो लोकांचा मात्र पोलिसांना पत्ता लागणं शक्य नव्हतं. नंबर्स स्टेशनची सगळी रचना याच भेदावर उभी आहे. ट्रान्समीटर सुरक्षित देशात, उघडपणे, कितीही ताकदीचा. हेराच्या हातात दुकानात मिळणारा साधा संच. संदेशाच्या त्या बाजूला ना सर्व्हरवर नोंद, ना मोबाइलच्या मनोऱ्यावर खूण, ना खात्याचं नाव. मजकूर नसलेल्या दिवशीही बरीच केंद्रं ठरल्या वेळी हजेरी लावतात, त्यामुळे संदेश कधी वाढले, कधी थांबले याचाही अंदाज बाहेरच्याला सहज येत नाही.

आता संच.

घरात आजोबांचा मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा शॉर्टवेव्ह संच असेल आणि त्यावर कधीकाळी रेडिओ सिलोन लागत असेल, तर तो दुरुस्त करून वापरायला हरकत नाही. मात्र त्याच्या काट्यावर नेमकी फ्रीक्वेन्सी कळत नाही आणि या छंदात नेमकेपणाच सगळं काही आहे. शिवाय अनेक केंद्रं ‘सिंगल साइडबँड’ या पद्धतीने बोलतात. साध्या संचावर तो आवाज बदकासारखा, शब्द न कळणारा ऐकू येतो. म्हणून नवा संच घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक, डिजिटल आकड्यांत किलोहर्ट्झ दिसणं आणि सुमारे १.७ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा मध्ये खंड न पडता मिळणं. दुसरी, ‘एसएसबी’ची सोय. टेकसनचा पीएल-३३० किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८ हे हातात मावणारे संच या दोन्ही कसोट्यांना उतरतात. संगणकाची आवड असेल तर यूएसबीत लावायचे आरटीएल-एसडीआर जातीचे छोटे रिसीव्हर मिळतात. त्यावर आवाजाबरोबर लहरींचं चित्रही दिसतं. घेताना ते शॉर्टवेव्ह पकडतात ना, हे मात्र विचारून घ्या, कारण सगळी मॉडेलं पकडत नाहीत. संचावर फार पैसे घालू नका. एरियल आणि जागा यांनी जो फरक पडतो तो महागड्या संचाने पडत नाही.

एरियलसाठी आठ-दहा मीटर प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार पुरे. एक टोक खिडकीतून बाहेर काढून इमारतीपासून जितकं दूर नेता येईल तितकं न्या आणि दुसरं टोक संचाच्या दांडीला चिमट्याने अडकवा. विजेच्या तारांच्या जवळपासही ती जाऊ देऊ नका. वळवाच्या दिवसांत, ढग दाटू लागताच तार संचापासून काढून टाका. कडकडाट ऐकू येईपर्यंत थांबू नका.

शहरातल्या ऐकणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे घरातली खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, स्वस्तातले अ‍ॅडॅप्टर हे सगळे शॉर्टवेव्हवर गोंगाट करतात. संच सेलवर चालवा, हातात धरून घरभर फिरा आणि एकेक उपकरण बंद करत कोणतं किती त्रास देतं ते शोधा. हे एकदा केलंत की ऐकण्याची जागा आपोआप ठरते. बहुतेकांची ती गच्ची असते. लोडशेडिंगबद्दल आपण सगळे कुरकुर करतो, पण सगळ्या पेठेची वीज गेली की शॉर्टवेव्ह एकदम स्वच्छ होते. एरवी खरखरीखाली बुडालेले क्षीण आवाज त्या तासाभरात वर येतात. गावाकडे, शेतावर किंवा कोकणात सुट्टीला जाणार असाल तर संच बरोबर न्याच.

जागेची अडचण असेल, किंवा भारतापर्यंत न पोहोचणारी केंद्रं ऐकायची असतील, तर इंटरनेटवरचे रिसीव्हर वापरा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-रिसीव्हर सगळ्यांसाठी खुला आहे. पुण्यात बसून तिथल्या एरियलवर येणारी लहर तुम्ही ऐकू शकता. याखेरीज ‘किवी-एसडीआर’ या जातीचे शेकडो रिसीव्हर जगभरातल्या हौशी लोकांनी आपापल्या घरून खुले ठेवले आहेत. काही कडव्या डीएक्सरना, म्हणजे दूरची केंद्रं पकडणाऱ्या श्रोत्यांना, हे मान्य नसतं. स्वतःच्या एरियलवर आलं तेच खरं, असं ते म्हणतात. मला नव्या माणसासाठी वेब-रिसीव्हर उत्तम शिक्षक वाटतो. आवाज कसा असतो हे तिथे एकदा पक्कं झालं की गच्चीवर तो खरखरीतून ओळखता येतो.

वेळेचं गणित आधी पाठ करा. शॉर्टवेव्हच्या सगळ्या वेळापत्रकांत जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. यादीत २०३० असेल तर आपल्याकडे रात्रीचे दोन, आणि तारीख पुढची. बुधवारचं प्रक्षेपण आपल्याला गुरुवारी पहाटे ऐकावं लागतं. नवखे लोक केंद्र ‘गायब’ झाल्याचं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा दिवसाचाच घोळ असतो.

फ्रीक्वेन्सीचंही साधं तत्त्व आहे. दिवसा वातावरणाचा खालचा आयनीभूत थर कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, म्हणून दूरचं ऐकायला दहा मेगाहर्ट्झच्या वर राहा. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तीन ते आठ मेगाहर्ट्झचा पट्टा जागा होतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री त्यासाठी सर्वांत चांगल्या. एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्यात दूरदूरच्या विजांचा चरचराट खालचे पट्टे व्यापतो. चालू वेळापत्रकं ‘प्रियोम’ या हौशी मंडळींच्या गटाने फार मेहनतीने राखली आहेत. ऐकायला बसण्यापूर्वी ती बघा. केंद्रांच्या नावातली ई, जी, एस, व्ही, एम ही इंग्रजी अक्षरं ‘एनिग्मा’ या १९९०च्या दशकातल्या श्रोतागटाने ठरवली. ई म्हणजे इंग्रजी, जी जर्मन, एस स्लाव्हिक भाषा, व्ही इतर भाषा, एम म्हणजे मोर्स. लिंकनशायर पोचरचा क्रमांक ई०३.

सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण ४६२५ किलोहर्ट्झवर जातात. तिथे ‘बझर’ आहे. मिनिटाला साधारण पंचवीस वेळा होणारा रुक्ष, कर्कश भोंगा, रात्रंदिवस, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून. ट्वेंटेच्या रिसीव्हरवर हिवाळ्यात आपल्या रात्री साडेनऊ-दहानंतर तो स्पष्ट मिळतो. गच्चीवरून थेट पकडायचा तर थंडीतली, दोन्हीकडे अंधार असलेली रात्र आणि खरखर नसलेली जागा निवडा. या केंद्राबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं ते मनावर घेऊ नका. भोंगा थांबला की अणुयुद्ध सुरू होणार, ही कथा निव्वळ रंजन आहे. तो यापूर्वी अनेकदा थांबलाय. हे रशियन लष्कराच्या संदेशजाळ्यातलं केंद्र आहे. भोंगा हा फ्रीक्वेन्सी धरून ठेवण्यासाठी आहे आणि मधूनमधून भोंगा थांबवून रशियन भाषेत सांकेतिक शब्द व आकडे वाचले जातात. म्हणजे हेरांसाठीचं नंबर्स स्टेशन ते खऱ्या अर्थाने नाहीच. जानेवारी २०२२मध्ये काही रेडिओ-चाच्यांनी त्याच फ्रीक्वेन्सीवर ‘गंगनम स्टाइल’ वाजवलं होतं आणि लहरींच्या आलेखात दिसतील अशी चित्रंही प्रक्षेपित केली होती. त्यामुळे ४६२५वर काही विचित्र ऐकू आलं तर ते मॉस्कोहूनच आलं असं धरून चालू नका.

खऱ्या हेरकेंद्रांत माझ्या मते नव्या श्रोत्याने प्रथम क्यूबाचं एचएम०१ ऐकावं. स्पॅनिशमध्ये बाईचा आवाज, पाच-पाच आकड्यांचे सहा गट, आणि प्रत्येक गटानंतर संगणकाच्या माहितीचा खरबरीत आवाज. आवाज माणसांना ओळखीचा आणि आकडे यंत्राला वाचता येणारे, असं हे मिश्र केंद्र २०१२पासून चालू आहे. त्यासाठी फ्लोरिडा किंवा कॅरिबियन भागातला किवी-एसडीआर निवडा. या केंद्राचं आणि त्याच्या आधीच्या ‘अतेन्सिऑन’ या केंद्राचं प्रक्षेपण तांत्रिकदृष्ट्या अनेकदा गबाळं असतं. क्यूबाच्याच रेडिओ हबानाचा कार्यक्रम त्यात मिसळलेला श्रोत्यांनी ऐकला आणि मूळ देशाबद्दल शंका उरली नाही. रशियन केंद्रं नेमकी याउलट, काटेकोर. त्यांच्यातल्या ई०७ या इंग्रजी केंद्राची पद्धत शिकण्यासारखी आहे. तोच संदेश वीस-वीस मिनिटांच्या अंतराने तीन फ्रीक्वेन्सींवर येतो आणि सुरुवातीला घोषित होणारा तीन आकडी क्रमांक त्या तीन फ्रीक्वेन्सींतल्या शतकस्थानच्या आकड्यांचा बनलेला असतो. एक प्रक्षेपण पकडलं की पुढची दोन कुठे शोधायची याचा धागा हातात येतो.

उत्तर कोरियाने तर हेरांसाठी आकडे वाचायचं काम नेहमीच्या केंद्रावरूनच केलं. २०१६च्या उन्हाळ्यात रेडिओ प्योंगयांगवरून मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी उजळणी म्हणून पानांचे आणि प्रश्नांचे क्रमांक वाचले जाऊ लागले आणि ते सत्तावीस क्रमांकाच्या पथकासाठी असल्याचं सांगितलं जाई. जानेवारी २०२४मध्ये ते केंद्रच बंद झालं.

‘स्वीडिश ऱ्हॅप्सडी’बद्दलही थोडं सांगायला हवं, कारण लहान मुलीच्या आवाजातलं ते जर्मन भाषेतलं केंद्र अंगावर काटा आणणारं म्हणून फार ऐकवलं जातं. कुणा मुलीला आकडे वाचायला बसवलं होतं, ही कल्पना खोटी. तो पूर्व जर्मनीत बनलेल्या यंत्राचा आवाज होता आणि केंद्र पोलंडच्या हेरखात्याचं होतं. या जुन्या केंद्रांचे आवाज ऐकायचे असतील तर अकिन फर्नांडिस यांनी १९९७मध्ये चार सीडींवर काढलेला ‘कॉनेट प्रोजेक्ट’ हा संग्रह मिळवा. लिंकनशायर पोचर, त्याचं आशियाकडे बोलणारं भावंड ‘चेरी राइप’ आणि इतर कितीतरी बंद पडलेली केंद्रं त्यात आहेत.

आता फसगती. आपल्या भागात नवख्याला हमखास चकवणारं प्रक्षेपण म्हणजे मुंबईचं व्होल्मेट. विमानांसाठी विमानतळांचं हवामान इंग्रजीत, ठरावीक सुरात, आकड्यांवर आकडे देत वाचलं जातं. ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर दर तासाला पंचविसाव्या आणि पंचावन्नाव्या मिनिटाला ते शोधा. त्याच फ्रीक्वेन्सींवर इतर वेळी कोलकाता, बँकॉक, कराची, सिंगापूर यांची पाळी असते. गुप्त काही नाही, पण सरावासाठी यासारखं दुसरं प्रक्षेपण नाही. आवाज क्षीण असताना आकडे न चुकता लिहून घ्यायची सवय यावर करा. वाऱ्याची दिशा, वेग, दृश्यमानता, तापमान आणि दाब असा क्रम लक्षात आला की आपण काय चुकीचं ऐकलं तेही कळतं. ८९९२ आणि १११७५ किलोहर्ट्झवर अमेरिकन हवाई दलाचे अक्षर-आकड्यांचे संदेश येतात. ते लष्करी आदेश आहेत, हेरांसाठी नव्हेत. ४९९६ आणि ९९९६वरची टिकटिक हे रशियाचं वेळदर्शक केंद्र आरडब्ल्यूएम आणि ५, १० व १५ मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम. सलग पट्टा व्यापणारी टकटक किंवा घरघर बहुधा दूर पल्ल्याच्या रडारची असते. हॅम, म्हणजे परवान्यावर प्रक्षेपण करणारी हौशी मंडळी, आपली ओळख (कॉल साइन) अक्षरांच्या उच्चारवर्णमालेत सांगतात, तेही काहींना गूढ वाटतं. ही नेहमीची प्रक्षेपणं ओळखता आल्याशिवाय ‘अनोळखी’ हा शब्द नोंदवहीत लिहू नये, असं मी आग्रहाने सांगतो.

नोंदवही या छंदाचा कणा आहे. तारीख आणि वेळ यूटीसीत, फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, प्रक्षेपणाची पद्धत, भाषा, आवाज बाईचा की पुरुषाचा, सुरुवातीचे आकडे, किती गट, शेवट कशाने झाला, ऐकू येण्याचा दर्जा, संच, एरियल, जागा. वेब-रिसीव्हर वापरला असेल तर तो कोणत्या देशातला, हे न विसरता लिहा. नाहीतर फ्लोरिडात ऐकलेलं केंद्र कोल्हापुरात ऐकल्यासारखं होतं आणि पुढच्याची दिशाभूल होते. ऐकू न आलेले आकडे अंदाजाने भरू नका, तिथे रेघ मारा. शक्य असेल तर ध्वनिमुद्रणही ठेवा. ठरल्या वेळी काहीच ऐकू आलं नाही, हीसुद्धा नोंदच आहे. अशा कोऱ्या नोंदी बऱ्याच जणांकडून जमल्या की केंद्राचं वेळापत्रक बदलल्याचं उघड होतं.

नोंदीचं मोल किती असू शकतं हे आना बेलेन माँतेस यांच्या खटल्यात दिसलं. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता खात्यात क्यूबाचा अभ्यास करणाऱ्या या वरिष्ठ अधिकारी क्यूबासाठीच काम करत होत्या आणि आदेश शॉर्टवेव्हवरून घेत होत्या. एफबीआयने २००१च्या मे महिन्यात त्यांच्या घरातल्या लॅपटॉपची गुपचूप प्रत घेतली. पुसलेल्या मजकुरात आकड्यांचे दीडशे गट सापडले. ६ फेब्रुवारी १९९९ रोजी ७८८७ किलोहर्ट्झवर एका स्त्रीच्या आवाजात स्पॅनिशमध्ये वाचलेल्या गटांशी ते तंतोतंत जुळले. ते प्रक्षेपण तारीख, फ्रीक्वेन्सी आणि आकड्यांसह नोंदलेलं होतं म्हणून ही जुळणी करता आली. २१ सप्टेंबर २००१ला माँतेस यांना अटक झाली, पुढच्या वर्षी पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२३मध्ये त्या सुटल्या. मायामीत १९९८मध्ये पकडल्या गेलेल्या क्यूबाच्या पाच हेरांच्या खटल्यातही उलगडलेले रेडिओ संदेश पुरावा म्हणून आले. त्यांच्या घरातल्या संगणकाच्या डिस्कांवर उलगडण्याचं साधन होतं. जर्मनीत तर हायड्रुन आन्शलाग ही रशियन हेर ऑक्टोबर २०११मध्ये मारबुर्गच्या घरी पोलिसांच्या हाती लागली तेव्हा शॉर्टवेव्ह ऐकत बसली होती, असं तिथल्या बातम्यांत आलं. यातल्या एकाही प्रकरणात हवेतला कोड फुटला नाही. जपून ठेवलेला कागद, नीट न पुसलेली फाइल, घरात सापडलेली किल्ली यांनीच घात केला.

कायद्याबद्दल थोडक्यात. रेडिओसंचासाठी पोस्टात जाऊन परवाना काढण्याची पद्धत आपल्याकडे १९८०च्या दशकात संपली. प्रक्षेपण मात्र परवान्याशिवाय करता येत नाही. कुतूहल म्हणून एखाद्या केंद्राच्या फ्रीक्वेन्सीवर ‘उत्तर’ द्यायचा विचारही करू नका. प्रक्षेपणाची हौस असेल तर हॅम परवान्याची परीक्षा द्या, तो छंद स्वतंत्रपणे मोठा आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथले नियम पाहावेत. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं प्रक्षेपण ऐकणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं. लष्करी तळ, नौदलाचा परिसर, सीमाभाग इथे तारा टांगून बसू नका. भारतीय सुरक्षा दलांचं संभाषण चुकून ऐकू आलं तर पुढे सरका. ते मुद्रित करून समाजमाध्यमांवर टाकणं हा छंद नव्हे, आणि त्यात आपल्याच माणसांचा जीव गुंतलेला असू शकतो. परदेशी केंद्रांच्या बाबतीतही, त्या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला एखादं माणूस दार लावून, कानाला इअरफोन लावून बसलंय आणि एका चुकीने त्याचं आयुष्य तुरुंगात जाणार आहे, याचं भान ऐकताना ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या महिन्यासाठी एवढंच करा. आठवडाभर रोज मुंबई व्होल्मेटची एक पाळी लिहून काढा. दुसऱ्या आठवड्यात घरातली खरखर शोधून ऐकण्याची जागा ठरवा आणि तार लावा. तिसऱ्यात ट्वेंटेच्या रिसीव्हरवर बझर आणि फ्लोरिडातल्या रिसीव्हरवर एचएम०१ ऐका, दोन्हींची पूर्ण नोंद करा. चौथ्या आठवड्यात वेब-रिसीव्हर बंद ठेवा, प्रियोमच्या यादीतून आपल्या रात्रीच्या वेळेत बसणारी रशियन केंद्रं निवडा आणि वेळेच्या पाच मिनिटं आधी फ्रीक्वेन्सी लावून, वही उघडून गच्चीवर बसा.